त्याच्या वेगानं

ओळ वाकली होती. एकशे अठ्ठाविसाव्या पानावरची, खालून सातवी ओळ. ओल्या कपड्यांच्या वजनानं दोरी झोळते तशी ती मधोमध खाली आली होती आणि त्या झोळात एक शब्द जवळजवळ बुडाला होता. तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. ओळ तशीच. चौतीस वर्षं ती या छापखान्यात प्रूफं तपासत होती. पळालेले काने, नको तिथे बसलेले अनुस्वार तिनं शेकड्यांनी धरले होते. एका स्मरणग्रंथात कुणा आदरणीय गृहस्थांना 'दिवंगत'च्या जागी 'दिगंबर' करून टाकलेलं अगदी शेवटच्या क्षणी वाचवलं होतं. पण वाकलेली ओळ हा प्रकार नवीनच होता. ती ते पान घेऊन मांडणीवाल्याच्या टेबलाशी गेली. मांडणीवाला म्हणजे संगणकावर पानं जुळवणारा, तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, तोंडावर तिला ताई म्हणणारा आणि पाठीमागं सगळ्यांसारखंच वेलांटीबाई. ते तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. ऱ्हस्व-दीर्घावरून तिनं छळलं नाही असा माणूस त्या इमारतीत उरला नव्हता. "हे बघ, तुझी ओळ बसलीय," ती म्हणाली. त्यानं पान उजेडाकडे धरलं. "कुठली?" "अरे, ही काय." त्यानं ड्रॉवरमधून पोलादी पट्टी काढली, ओळीखाली अलगद टेकवली आणि कौतुकानं पाहावं तसं पाहिलं. "सरळ आहे की ताई. एकदम सरळ." तिनं वाकून पाहिलं. पट्टीसुद्धा वाकली होती.

"हो रे, सरळच आहे," ती म्हणाली. "चहा व्हायचाय माझा अजून, दुसरं काय."

त्या संध्याकाळी घरी चालत येताना ती एकेक डोळा मिटून जग तपासत आली. उजवा उघडा ठेवला की दिव्याचे खांब खांबासारखे उभे राहत. डावा उघडा ठेवला की खांबाच्या कमरेत कुणीतरी चिमटा काढल्यासारखा तो वळे, आणि जिथे नजर रोवावी नेमकं तिथेच एक धुरकट बोट फिरल्यासारखं होई. समोरून येणाऱ्या बाईला कपाळ होतं, हनुवटी होती, मधे चेहरा नव्हता. औषधाच्या दुकानावरची पाटी तिनं रोज वाचली होती, तिच्यातला 'औषधि' असा ऱ्हस्व लिहिलेला शब्द तिला रोज खुपायचा. आज त्याची वेलांटी दिसलीच नाही. दिसली नाही तरी खुपली. एवढ्या वर्षांनी आपण वाचतो की नुसतं आठवतो, असा काहीतरी विचार येऊन गेला आणि तिनं तो झटकला. घरात शिरताना दोन्ही डोळे उघडे होते आणि चेहरा नेहमीचा. नवऱ्यानं विचारलं, "उशीर?" ती म्हणाली, "काम होतं."

सांगायचं नाही, असं काही तिनं ठरवलं नव्हतं. पण पहिल्या दिवशी सांगितलं नाही, आणि मग दुसऱ्या दिवशी सांगायचं तर काल का नाही सांगितलं तेही सांगावं लागलं असतं. छापखान्यात ती डाव्या डोळ्यावर तळवा टेकवून, डोकं दुखल्यासारखं करून वाचायला लागली. खरी पंचाईत घरी होती. संध्याकाळी त्यांच्या घरात दीड-दोन तास वाचनाचे असत. ती खिडकीजवळच्या खुर्चीत पुस्तक घेऊन बसे आणि तो बाल्कनीत पाटी घेऊन. पाटी हे तिनं ठेवलेलं नाव. मुलीनं दोन वर्षांपूर्वी आईच्या वाढदिवसाला ते वाचायचं यंत्र पाठवलं होतं, वहीएवढं, राखाडी. फोनवर मुलगी उत्साहानं म्हणाली होती, "आई, हजार पुस्तकं बसतात त्यात!" ती म्हणाली होती, "गाडीच्या डब्यात माणसंही बसतात गं दाटीवाटीनं. म्हणून काय गप्पा होतात?" मुलगी हसली, जराशी दुखावली. यंत्र खोक्यासकट कपाटात गेलं. महिन्याभरानं नवऱ्यानं विचारलं होतं, "ते तुझं पडूनच आहे, मी घेऊ का?" ती हो म्हणाली होती. लिफ्ट दुरुस्तीत हयात घालवलेला माणूस. वर्तमानपत्राचं शेवटचं पान सोडून त्याला काही वाचताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. हवामान बघत असेल, पत्ते खेळत असेल, असं ती धरून चालली आणि तिनं पुन्हा कधी वळून पाहिलं नाही.

पुस्तकांच्या वासाबद्दल लोक हळवे होऊन बोलू लागले की तिला हसू येई. वास तिला पुरून उरला होता. ओल्या शाईनं तिचं डोकं धरायचं. तिचा जीव दुसऱ्याच गोष्टीवर होता. पुस्तकात वाक्याला पत्ता असतो. डाव्या पानावर, वरून तिसऱ्या परिच्छेदाच्या शेपटाला, असं तिला तीस वर्षांपूर्वी वाचलेलं वाक्यसुद्धा आठवे, आणि हात तिथे जाई. डाव्या अंगठ्याखाली झालेलं, उजव्या अंगठ्याखाली व्हायचं राहिलेलं. गोष्ट किती उरली हे बोटांना कळत असे, डोक्यापर्यंत जायची गरज नसे. शिवाय छापलं ते छापलं. तिच्या नजरेतून निसटलेली एक चूक बाराशे प्रतींमधून जगात हिंडत होती, 'आई'ची 'आइ' झालेली, आणि त्यातली एक प्रत तिनं मुद्दाम घरी ठेवली होती. पाटीवर म्हणे चुका मागाहून गुपचूप दुरुस्त होतात, कुणाला पत्ता न लागता. ते तिला कसंसंच वाटे. एखाद्याच्या अंगावरचा व्रण त्याला न विचारता पुसून टाकावा तसं.

तर आता त्या खिडकीजवळच्या खुर्चीत ती पुस्तक उघडून बसे आणि वाचत नसे. उजव्या डोळ्यानं वाचता आलं असतं थोडंफार. पण दिवसभर राबून संध्याकाळी तो पाणावे, आणि डावा डोळा मधे मधे आपली धुरकट बोटं घाली. मग ती पान धरून बसे. थोड्या वेळानं उलटे. पुन्हा बसे, पुन्हा उलटे. कागदाचा आवाज बाल्कनीपर्यंत गेला पाहिजे एवढी काळजी घेई. हे करताना तिला कुणाच्या तरी घरी चोरून शिरल्यासारखं वाटायचं; आणि घर तर तिचंच होतं, त्यातली प्रत्येक खोली पाठ असलेलं. पानावर नजर टेकवून ती भलतंच काही आठवत राही. पहिल्यांदा नोकरीला लागली तेव्हा म्हाताऱ्या तपासनिसांनी सांगितलेलं: अर्थ वाचू नको, अक्षर वाच, अर्थात शिरलीस की चूक दिसणार नाही. तिनं ते इतकं मनावर घेतलं की पुढे माणसांशी बोलतानाही तिला आधी अक्षरच ऐकू येई. मुलीनं शाळेत असताना रडत रडत काही सांगितलं होतं आणि तिनं मधेच म्हटलं होतं, 'तिनी' नाही गं, 'तिनं'. काय सांगत होती मुलगी तेव्हा? ते आता आठवत नव्हतं. 'तिनी' आठवत होतं.

नवव्या संध्याकाळी नवरा बाल्कनीतून आत आला आणि तिच्यासमोर स्टूल ओढून बसला. बसायच्या आधी हात पँटला पुसले, कुणाच्या घरची लिफ्ट उघडायच्या आधी पुसायचा तसे.

"किती दिवस झाले?" त्यानं विचारलं.

"कशाला?"

"दिसत नाहीये त्याला."

तिनं पान उलटलं. उलटल्यावर कळलं की ते उलटायला नको होतं.

"मला दिसतंय की," ती म्हणाली. "काहीतरीच काय तुमचं."

"अगं, लिफ्ट रिकामी चालते तेव्हा आवाज वेगळा येतो. बाहेर उभं राहून सांगतो मी, आत कुणी आहे की नाही." तो तिच्याकडे न बघता, तिच्या मांडीवरच्या पुस्तकाकडे बघत बोलत होता. "तू सारख्या वेळानं पानं उलटतेस हल्ली. खरं वाचणारा माणूस तसं नाही करत. तू तर मुळीच नाही. कुठे रेंगाळतेस, कुठे तीन पानं भरभर. मधेच नाकातून हसतेस. आठ दिवस झाले, हसली नाहीस."

"तुम्हाला बरं सगळं कळतं वाचणाऱ्याचं."

"मी केलंय ते," तो म्हणाला. "लग्नाच्या पहिल्या वर्षी. तू पुस्तक द्यायचीस ना मला, हे वाचा, ते वाचा. मी तुझ्या शेजारी बसून शंभरपर्यंत मोजायचो आणि पान उलटायचो."

तिनं पुस्तक मिटलं, आणि खूण घालायला हात गेला तेव्हा लक्षात आलं की खूण कुठे घालायची हेच माहीत नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि सावकाश बोलत. त्यांनी चौकटींचा एक तक्ता समोर धरला, एकेक डोळा झाकायला लावला. डाव्या डोळ्याला मधल्या चौकटी वितळल्यासारख्या दिसल्या. पडद्याच्या ऐन मध्यावर पाणी साचलंय, त्या म्हणाल्या. डोळ्यात इंजेक्शनं घेऊ, दर महिन्याला, आहे ते बहुधा टिकेल. गेलेलं सगळं परत येईल असं सांगत नाही. दुसऱ्या डोळ्यावरही लक्ष ठेवायला हवं. तिनं सगळं नीट ऐकलं. "आणि काम?" "काय काम करता?" "छापलेलं तपासते. बारीक अक्षर असतं." डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं, आणि उत्तर त्या ठेवण्यातच आलं. "वाचा हवं तेवढं, वाचून बिघडत नाही. पण अक्षर मोठं घ्या. हल्ली ती यंत्रं मिळतात बघा, हवं तेवढं अक्षर मोठं करता येतं." नवरा शेजारच्या खुर्चीत होता. तो काहीच म्हणाला नाही, आणि ते न म्हणणं तिला लागलं; म्हणाला असता तर रागावता तरी आलं असतं. पहिल्या इंजेक्शनला तो दाराबाहेर उभा राहिला. ती डोळ्याला पट्टी लावून बाहेर आली तेव्हा त्यानं तिचा हात कोपराशी धरला, पायऱ्यांवर 'आता एक, आता एक' असं म्हणत उतरवलं. तिला वाटलं, यांचा आवाज असा जवळून कितीतरी दिवसांत ऐकला नाही.

छापखान्यात तिनं स्वतःच सांगितलं. मालक चांगला माणूस. तो टेबलावरचे कागद नीट करत राहिला. मांडणीवाला खालपर्यंत सोडायला आला. फाटकाशी म्हणाला, "ताई, त्या दिवशी मी पट्टी ठेवली." तिला कळलं त्याला काय म्हणायचंय ते. "बरं केलंस," ती म्हणाली. "नाहीतर अजून तुलाच शिव्या घालत बसले असते."

डोळ्याची पट्टी निघाल्यावर चार-पाच दिवसांनी तिनं पाटी मागितली. सहज मागितल्यासारखी, भांडी आवरता आवरता. "बघू तरी काय आहे ते." नवरा गडबडला. "देतो की. जरा थांब, आवरून देतो." आवरून काय द्यायचंय, तिला हसू आलं, पाहुणे दारात आल्यावर पलंगावरचे कपडे उचलावेत तसा तो खुर्चीत पाठ करून बसला आणि बोटानं काहीबाही करत राहिला. मग उठून तिच्या हातात ती राखाडी वस्तू दिली, पान उलटायला बोट कुठे टेकायचं ते दाखवलं आणि कुणीही बोलावलेलं नसताना खाली तळमजल्याच्या लिफ्टचं दार तपासायला निघून गेला.

अक्षर आधीच मोठं होतं. एका पानावर आठच ओळी. काळी अक्षरं, शांत, फुगीर, बालवाडीतल्या तक्त्यावरच्यासारखी. आणि ओळ वाकत होती तरी शब्द बुडत नव्हता. दीड वाक्य वाचलं की पान संपे. तिचा श्वास अडखळे. ही काय वाचायची रीत, तिला वाटलं, घोटभर पाणी पिऊन पेला खाली ठेवायचा, पुन्हा उचलायचा. पत्ता नाही, डावं-उजवं नाही, अंगठ्याखाली काही नाही. मागे जायला म्हणून तिनं कुठेतरी बोट लावलं आणि पाटीनं भलतंच दार उघडलं. एक यादी आली. शब्दांची. वर लिहिलेलं होतं, पाहिलेले शब्द, सहाशे बारा.

विषण्ण. अनाहूत. कातर. निरिच्छ. प्रत्येक शब्दाखाली तो ज्या वाक्यात भेटला ते वाक्य, बारीक अक्षरात. दोन वर्षं तो बाल्कनीत बसून वाचत होता. गोष्टी, कादंबऱ्या, आणि त्यातल्या एकूणएक पुस्तकाचं नाव तिच्या ओळखीचं होतं, कारण ती तिच्याच फडताळातली होती, तिनं वाचून जेवताना ज्यांच्याबद्दल बोललेली. त्यानं ती या पाटीवर शोधून घेतली होती. अडलेल्या एकेका शब्दावर बोट टेकत टेकत तो तिच्या मागून चालत आला होता, आणि तिनं वळून पाहिलं नव्हतं. मग तिला दिसलं की काही शब्दांखाली वाक्यच नाही. ते कुठल्या पुस्तकातले नव्हते. त्यानं हातानं लिहून शोधले होते. औपचारिक. उथळ. उपरोध. तिचा हात थांबला. 'तुम्हाला उपरोध कळत नाही' हे तीच म्हणाली होती, मागच्या वर्षी, मुलीच्या मैत्रिणींसमोर, हसत हसत. आणि तोही हसला होता. म्हणजे तो तेव्हा हसला, आणि नंतर कधीतरी इथे येऊन त्यानं शब्द उघडून पाहिला, आत काय आहे ते.

ती पाटी मांडीवर ठेवून बसली, आणि जी गोष्ट तिला कधीच आठवायची नव्हती ती काही न विचारता समोर येऊन उभी राहिली. लग्नाला चार महिने झाले असताना त्याला दूरच्या गावी एका मोठ्या इमारतीच्या कामावर पाठवलं होतं. तिथून त्याचं पत्र आलं, पाच पानी. ती तेव्हा छापखान्यात नवी लागलेली, प्रूफाच्या खुणा नुकत्याच शिकलेली, त्या खुणांच्या प्रेमात पडलेली. तिनं ते पत्र लाल शाईनं तपासलं. सगळं. हे काढा, हे जोडा, इथे दीर्घ, इथे नवा परिच्छेद. गंमत म्हणून. आणि तिच्या उत्तराबरोबर पाकिटात घालून त्याला परत पाठवलं. त्यात काय लिहिलं होतं? इमारतीच्या नवव्या मजल्यावरून दिसणाऱ्या दिव्यांबद्दल काहीतरी होतं, आणि ते बघून तिची आठवण कशी येते याबद्दल. 'आठवण'मधला 'ण' त्यानं 'न' लिहिला होता. एवढं तिला लख्ख दिसलं. पुढचं पत्र आलं ते एका ओळीचं. पोचलं, बरा आहे. त्यानंतर तेहतीस-चौतीस वर्षांत तिनं त्याच्या हाताचं जे काही वाचलं ते दूधवाल्यासाठी लिहिलेलं होतं. पुरुष असेच, बोलायला म्हणून दोन वर्षं बोलतात आणि आटतात, असं ती मैत्रिणींना सांगत आली होती.

तो परत आला तेव्हा ती तशीच बसली होती. त्यानं पाटीकडे पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं.

"ती यादी पुसायची राहिली वाटतं," तो म्हणाला.

"तुम्ही ते पत्र..." तिला वाक्य पुरं करता येईना. एवढी वाक्यं तिनं पुरी केली होती लोकांची. "मी गंमत केली होती हो."

"कुठलं पत्र?" तो म्हणाला, मग खोटं बोलायचा कंटाळा आल्यासारखा खाली बसला. "अगं, कधीचं ते."

"रागावला होतात?"

"राग नाही गं." तो विचार करत राहिला, नेमका शब्द मिळावा म्हणून. "लाज वाटली. तिथल्या फोरमननं पाकीट फोडलं होतं, सगळ्यांचीच पत्रं तो उघडायचा. लाल रंग बघून म्हणाला, तुझ्या बायकोनं नापास केलं तुला. सगळे हसले. मीही हसलो." आणि जरा थांबून, "तुझं अक्षर मात्र सुंदर होतं. त्या लाल खुणासुद्धा."

तिला रडू आलं. डॉक्टरीणबाईंनी डोळा चोळायचा नाही असं बजावलं होतं, म्हणून ती हात मांडीवर ठेवून नुसती रडली, आणि तो रुमाल घेऊन गालापर्यंतच, डोळ्याला न लागू देता, टिपत राहिला.

"यात बरं पडतं," थोड्या वेळानं तो पाटी उचलून म्हणाला, काहीतरी बोलायचं म्हणून. "शब्द अडला की टेकायचं. ते सांगतं, आणि भुवई उचलत नाही."

"मी उचलते?"

"एकच. डावी."

ती रडता रडता नाकातून हसली, आणि तो तिच्याकडे असा बघत राहिला की तिनं तोंड फिरवलं.

पुढे दोघांच्यात एक नवीनच भांडण सुरू झालं. पाटी एक आणि वाचणारे दोन. सकाळी तो वाचे, दुपारी ती, तेच पुस्तक. आणि पाटीला एवढंच कळे की कुणीतरी इथपर्यंत आलंय. "तू माझं पान हलवलंस," तो म्हणे. "तुम्हीच पुढे पळालात," ती म्हणे. मुलीनं फोनवर सांगितलं, दुसरं घेऊन पाठवते, त्यात काय एवढं. ती घाईनं म्हणाली, "नको, नको. चाललंय आमचं." मग आवाज खाली आणून, "पण ऐक. पुस्तक ते पुस्तकच गं. हे आपलं पथ्याचं जेवण." पलीकडून मुलगी हसली; आणि या वेळी आईनं तिला विचारलं, तू कशी आहेस, नीट सांग; आणि ती सांगू लागली तेव्हा मधे बोलली नाही. मुलगी बराच वेळ सांगत होती.

रविवारी दुपारी त्यानं बाल्कनीतली खुर्ची आत आणली आणि तिच्या खुर्चीला चिकटवून लावली. दोघांचा एक एक हात पाटीखाली. बाहेर कुणीतरी गालिचा झटकत होतं. "बरं, काढा," ती म्हणाली. त्याचं पान तिच्या पानाच्या बरंच पुढे होतं. तो मागे मागे येत राहिला, तिच्यापर्यंत. आठ ओळी. तो खालपर्यंत पोचला आणि बोट उचललं. ती अजून पाचव्या ओळीवर होती. मधला एक शब्द धुक्यात गेला होता, मान जराशी कलती केली की त्याची कड दिसे, आणि कडेवरून तो ओळखावा लागे. तिला घाई झाली, जन्मभराची सवय. आणि मग तिला शेजारी त्याचा श्वास ऐकू आला. तो वाट बघत होता. चुळबुळ नाही, घसा खाकरणं नाही. बोट पाटीच्या कडेवर, टेकलेलं नाही. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला खाली आणताना तो असाच उभा राहत असणार, तिच्या मनात आलं. एकेक इंच दोर सोडत, आतल्याला भीती वाटू नये म्हणून.

ती सहाव्या ओळीवर आली. सातव्या. तिथे काय चाललंय ते तिला पहिल्यांदाच दिसायला लागलं, शब्दांच्या पलीकडे: एक बाई दारात उभी आहे, तिच्या हातात ओली छत्री आहे, आणि आत जावं की न जावं हे तिला कळत नाहीये.

"झालं?" त्यानं हळूच विचारलं.

"नाही अजून," ती म्हणाली. "थांबा. ती दारातच आहे."

"थांबतो," तो म्हणाला.